बलभीमतात्यांच्या ट्रॅक्टरचा तिसरा गिअर

बेंबळी
१४ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप उस्ताद लिंबाजीकाकांना,

सिद्धलिंगचा शिरसाष्टांग नमस्कार. नळदुर्गला लेकीकडं तुमचं बरं चाललं असेल. गुडघ्याला तेल लावता का, की माझं ऐकत नव्हता तसं तिचंही ऐकत नाही? इकडं दुकानात पाय ठेवायला जागा नाही. तालुक्यातले सगळे म्हातारे ट्रॅक्टर माझ्याच दारात.

परवा बलभीमतात्यांचा लाल ट्रॅक्टर आला. तोच, तुम्ही शेवटचा दुरुस्त केलेला. भरली ट्रॉली घेऊन उताराला लागला की तिसरा गिअर आपोआप सुटतो. तीन वर्षं तात्या एका हातानं दांडा दाबून चालवतायत. जो तो म्हणतो, "दाते झिजलेत, दुसरं काय!" मी स्वतः उतारावर नेला. दांडा नुसता धरला तरी गिअर टिकतो, सोडला की सुटतो. हाताला हिसका नाही, खरखर नाही. तेल पांढऱ्या फडक्यातून गाळलं, लोखंडाचा कीस नाही. म्हटलं, "तात्या, दाते चांगले हायत. काकांनी नवेच घातलेत." झाकण काढलं, तर गिअरला जागेवर धरणारी गोळी अन् तिची स्प्रिंगच आत नव्हती. अर्ध्या तासाचं काम. लोक म्हणाले, "लई मोठा डागदर झालास गड्या!"

कसला डॉक्टर, उस्ताद. पहिला बोल्ट ढिला करायच्या आधीच आत काय नाही ते मला ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी तुम्ही त्यात नवे गिअर घातले, त्या दिवशी येळवस होती. सगळं गाव शेतात आंबील-भज्जी जेवायला निघालेलं. झाकण बसवायचं माझ्यावर सोपवून तुम्ही गेलात, अन् मलाही घाई झालेली. हरवू नये म्हणून खिशात ठेवलेली गोळी-स्प्रिंग खिशातच राहिली. संध्याकाळी हाताला लागली. आठवड्यानं तात्या दारात येऊन ओरडले, "नवे गिअर इकून जुनेच घातले!" तेव्हा मी तिथंच पाना पुसत उभा होतो. तुम्ही माझ्याकडं एकदा पाहिलंत अन् गप्प बसलात. महिन्याभरात दुकान माझ्या हवाली करून गाव सोडलंत. तुम्हाला कळलं होतं ना? मला वाटतं, कळलं होतं. मला लाज वाटते, उस्ताद. रोज वाटते.

काल चार माणसांत तात्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हात उगारला, मग तिथंच ओट्यावर बसले. म्हणाले, "म्या काकांना चोर म्हनलं रे." मारलं असतं तर बरं झालं असतं.

हे पत्र पोस्टात टाकलेलं नाही. घेऊन आलेत ते तात्याच. त्यांना आत घ्या, पाणी द्या. शिव्या मात्र माझ्यासाठी राखून ठेवा, त्या ऐकायला मी रविवारी येतोय.

तुमच्या गप्प बसण्यावर मोठा झालेला,
सिद्धलिंग