ची कोणाची?

३ जानेवारी, शुक्रवार

सकाळी वाचनालयाचे सचिव कल्याणराव घरी आले. वर्धापनदिनाला एका लेखिकेची जाहीर मुलाखत आहे, ती मी घ्यावी म्हणाले. आधी जालन्याचे एक प्राध्यापक ठरले होते, पण त्यांना कावीळ झाली. म्हणजे निवड अखेर योग्य माणसापर्यंत पोचली.

कल्याणराव असंही म्हणाले की सर, दुसरं कोणी भेटूनच न्हाई राह्यलं. बोलण्याचा ढंग आहे त्यांचा. अर्थ एवढाच, की माझ्यासारखं दुसरं कोणी नाही.

लेखिका आपल्या टेंभुर्णीची. नाव अक्षता. घनसावंगीला आयटीआयमध्ये शिकवते. कादंबरी 'धुक्यातली घंटा'. चिनी गूढविद्या, ड्रॅगन, अमर झालेले म्हातारे, हवेत लढाया. बसायचं टेंभुर्णीत आणि उडायचं चीनमध्ये. असो. बालवाङ्मयालाही वडीलधाऱ्याचा हात लागतो.

खरी गोष्ट वेगळीच. आमच्या पेपरचे संपादक राधेश्यामजी जालन्याहून येणार आहेत. पेपरचं रविवारचं साहित्यपान सुरू होतंय आणि त्याला माणूस हवाय. मी संस्कृतचा एम.ए. आणि तालुका वार्ताहर म्हणून आजवर पाठवलं काय, तर 'ट्रॅक्टर उलटला' आणि 'सोयाबीनची आवक घटली'. हे पान मिळालं नाही तर जन्मभर ट्रॅक्टरच.

संकल्प: कादंबरी पूर्ण वाचणे. दोनदा.

४ जानेवारी, शनिवार

वाचली नाही. लाइट नव्हती. (दिवसा. पण मूड लाइटवर अवलंबून असतो.)

मात्र मुखपृष्ठावरून चिंतन केलं. ड्रॅगन हा शब्द मूळचा आपलाच. 'द्राक्' म्हणजे चटकन. द्राक् जाणारा तो द्राग्ग. द्राग्ग, द्रागन, ड्रॅगन. मुलाखतीत सांगणे. राधेश्यामजी टिपून घेतील.

६ जानेवारी, सोमवार

पहाटे पाचला उठून वाचायचं ठरवलं होतं. साडेसातला उठलो. पुस्तक जागेवर नाही. सौ. वंदना गॅसपाशी उभी राहून वाचत होती. भाजी लागली. आजवर माझ्या कुठल्याही लेखामुळे या घरात भाजी लागलेली नाही. माझं लेखन संयमित असतं.

पुस्तक परत मागितलं. म्हणाली, थांबा हो, लान आत्ता कुठं डोंगराला लागलीय. लान म्हणजे नायिका. मिठाचं ओझं वाहणारी पोरगी.

९ जानेवारी, गुरुवार

वाचन सुरू. अठरा पानं झाली आणि हादरलोच. शुद्धलेखनाची अशी कत्तल उभ्या आयुष्यात पाहिली नाही. जागोजागी षष्ठीचा प्रत्यय आहे आणि नामाचा पत्ता नाही. 'नदीतली ची आटली.' कोणाची? काय आटली? 'लानने ची बेंबीपाशी गोळा केली.' कोणाची गोळा केली? एका ठिकाणी तर प्रत्यय डबल: 'म्हाताऱ्याने गावाची ची चोरली.' टायपिस्ट जेवून बसला असावा.

तोंडी टीका करणाऱ्यातला मी नाही. लाल पेन घेतला आणि गाळलेले शब्द भरले. नदीतली गावाची विहीर आटली. लानने सगळ्यांची वर्गणी बेंबीपाशी गोळा केली. (कनवटीला लावली असणार.) म्हाताऱ्याने गावाची अब्रू चोरली. आता कुठे वाक्यं पायावर उभी राहिली.

एवढ्या श्रमानंतर पुढचं वाचणं प्रकृतीला झेपणार नव्हतं. शितावरून भाताची परीक्षा मला येते.

१० जानेवारी, शुक्रवार

वंदनाने लाल शाई पाहिली. विचारलं, ही वर्गणी कुठून आली? मी व्याकरण समजावलं. प्रत्ययाला स्वतःचं अस्तित्व नसतं, त्याच्याआधी कोणीतरी असावंच लागतं. ती म्हणाली, अहो, ची म्हणजे श्वास, जीव, अंगातलं चालतं बळ. चिनी शब्द हाय तो. पुढच्याच पानावर सांगितलंय, वाचा तरी.

नवऱ्याची चूक काढायला मिळाली की बायकांना चिनी भाषाही येते.

वादाचा विषय बदलावा म्हणून यिन आणि यांगवर आलो. 'इन' म्हणजे संस्कृतात सूर्य, म्हणून यिन म्हणजे ऊन. ती म्हणाली, पुस्तकात उलटं हाय, यिन म्हणजे सावली. शक्य आहे. चिन्यांनी घाईत उलटं पाठ केलं असणार.

१२ जानेवारी, रविवार

लेखिकेला फोन केला. जय भीम सर, म्हणाली. मी नमस्कार म्हणालो आणि पहिलाच मर्मभेदी प्रश्न टाकला: मूळ पुस्तक कोणतं? म्हणाली, मूळ हेच. मग विचारलं, चीनला जाऊन आलीस का? म्हणाली, न्हाई सर, चीनच इकडं आल्ता. तिकडचे भिक्खू पायी पायी येऊन इथून पोथ्या घेऊन गेल्ते, आमच्या घरी लहानपणी त्याच्याच गोष्टी चालायच्या. इथून गेल्तं, तिथं त्याला शिंगं फुटली. मी आपलं ते शिंगांसकट वापस आणून राह्यले.

बोलणं गोड आहे. संस्कृत नसल्यामुळे एक प्रकारचा मोकळेपणा असतो.

चुकांबद्दल फोनवर काही बोललो नाही. स्टेजवर, सगळ्यांसमोर सांगितलं की माणसाच्या कायम लक्षात राहतं. शेवटी मार्गदर्शन म्हणजे काय?

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ. वंदनाची कादंबरी वाचून झाली, पुन्हा पहिल्यापासून सुरू. सकाळी गच्चीवर डोळे मिटून हळूहळू श्वास घेत होती. लानसारखा, म्हणे. शेजारच्या प्रभावतीबाईही येऊन बसल्या. दोघी बराच वेळ गप्प. एवढी शांतता या गल्लीत सुतकातसुद्धा नसते.

पुस्तक मागावं असं वाटलं, पण मागितलं नाही. समीक्षकाने फार जवळ जाऊ नये.

१७ जानेवारी, शुक्रवार

चौकात फ्लेक्स लागला. लेखिकेचा फोटो मोठा, ड्रॅगनचा त्याहून मोठा. माझा खाली कोपऱ्यात, ड्रॅगनच्या शेपटीजवळ. फोटो पंधरा वर्षांपूर्वीचा, त्यामुळे वंदनाने मला ओळखलं नाही. मी ओळखलं.

प्रास्ताविक लिहून काढलं. चीन, भारत, द्राग्ग, षष्ठी विभक्ती. वाचायला चाळीस मिनिटं लागली. दहावर आणायचं.

१८ जानेवारी, शनिवार

आणता आलं नाही. कुठलाही भाग काढला की दुसरा ओरडतो.

१९ जानेवारी, रविवार. संध्याकाळ

कार्यक्रम प्रचंड यशस्वी. तपशील ताजे आहेत तोवर लिहून ठेवतो.

सभागृह गच्च. टेंभुर्णीहून दोन जीपा भरून माणसं आली. पहिल्या रांगेत लेखिकेचे वडील पुंजारामजी, नवा सदरा घालून, दोन्ही हातांनी पुस्तक धरून. बाजूला राधेश्यामजी. त्यांच्या मागे वंदना.

प्रास्ताविक केलं. पंचविसाव्या मिनिटाला कल्याणरावांनी चिठ्ठी ठेवली: 'सर, बस'. मी उभाच होतो, म्हणून बसलो आणि बसून पुढे चालू ठेवलं.

मग मुलाखत. थेट मुद्द्याला हात घातला. म्हणालो, अक्षता, तुझी कल्पना बरी आहे, पण भाषा आजारी आहे. हे ऐक. आणि अठराव्या पानावरचं वाक्य वाचलं: लानने ची बेंबीपाशी गोळा केली. मग सभागृहाकडे वळून विचारलं, कोणाची? कोणाची गोळा केली? मग मी माझं सुधारलेलं वाक्य वाचलं: लानने सगळ्यांची वर्गणी बेंबीपाशी गोळा केली.

असा हशा मी जाफराबादेत कधी ऐकला नाही. लोक खुर्च्या धरून हसत होते. राधेश्यामजींनी चष्मा काढून डोळे पुसले. विनोदाचं माझं अंग इतकी वर्षं ट्रॅक्टरखाली दबलं होतं.

अक्षता हसली नाही. माइक जवळ ओढून हळूच म्हणाली, सर, ची कोणाचीच न्हाई. म्हणून तर म्हातारा ती चोरतो, अन् म्हणून तर लान ती सोडवायला जाते. पान एकोणीस, सर.

टाळ्या झाल्या. प्रश्न चांगला असला की उत्तरालाही टाळ्या मिळतात. पुंजारामजी मात्र हसतही नव्हते आणि टाळ्याही वाजवत नव्हते. माझ्याकडे टक लावून पाहत होते. भारावले असावेत.

मग प्रश्नोत्तरं. वंदनाने हात वर केला. मी नजरेने नको म्हटलं. तिला ते दिसलं आणि ती उभी राहिली. विचारलं, ताई, तो डोंगरावरचा म्हातारा एवढी वर्षं जगला, एवढा शिकला, मंग त्याला दुसऱ्याचे श्वास कशाला लागतात?

अक्षता म्हणाली, ताई, त्याला सारखं बोलायला लागतं ना. एकट्याचा श्वास पुरत न्हाई.

सगळं सभागृह माझ्याकडे वळलं. माझ्या मताची अपेक्षा होती. दिलं. बारा मिनिटं.

वंदनाने परत विचारलं, मंग शेवटी लान त्याला मारत का न्हाई? अक्षताने पुस्तकाचं शेवटचं पान उघडून पाहिलं. मग म्हणाली, त्याचं ऐकणारं कोणी उरलं न्हाई, की तो आपोआप हवा होतो. हे उत्तर मला पण आत्ताच सापडलं, ताई. तुम्ही विचारलं म्हणून.

राधेश्यामजी मागे वळून वंदनाकडे पाहत राहिले. जाताना माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, सर, आज फैसला झाला. बिलकुल पक्का.

पान माझं.

२० जानेवारी, सोमवार

प्रसिद्धी सुरू. कोणीतरी माझ्या प्रश्नाचा व्हिडिओ तालुक्याच्या ग्रुपवर टाकला. जीपच्या थांब्यावर ड्रायव्हर भारत ओरडला, सर, ही सीट कोणाची? बाकीचे म्हणाले, वर्गणीची! मी हात केला. साहित्य तळागाळात पोचतं ते असं.

कार्यक्रमाची बातमी पाठवली. त्यात एक ओळ: 'प्रस्तुत मुलाखतकाराची पत्नी हिनेही किरकोळ शंका विचारल्या.'

२१ जानेवारी, मंगळवार

बातमी छापून आली. माझी ओळ नाही. त्या जागी वंदनाचे दोन्ही प्रश्न, शब्दशः. जागेची अडचण असणार.

२३ जानेवारी, गुरुवार

हॉटेलात चहा मागितला. वेटर म्हणाला, ची संपली सर, चहा आहे. अख्खं हॉटेल हसलं. मीही हसलो. थोडा उशिरा.

पानासाठी पहिल्या वर्षाचे विषय ठरवले. आधी विभक्ती, मग संधी.

२७ जानेवारी, सोमवार

राधेश्यामजींचा फोन! आवाज ओळखताच मी आभार मानायला सुरुवात केली. ते मधेच म्हणाले, सर, एक मिनट. पान अक्षता बघणार आहे, बोलणं झालंय तिच्याशी. पुस्तकांबद्दल लिहायला एक जण लागतोय. मॅडम आहेत का घरी?

मी विचारलं, कोणती मॅडम?

वंदना आतून म्हणाली, फोन कोणाचा?

तिला दिला. गच्चीवर गेली. बराच वेळ बोलत होती. मधूनमधून हसत होती. मी जिन्यात उभा होतो. ऐकण्यासाठी नाही. जिन्यात हवा चांगली येते.

खाली आल्यावर म्हणाली, तुमच्यासाठी पण काम हाय. मुद्रितशोधन. अक्षताताईंनीच तुमचं नाव घातलं. एकच अट आहे म्हणाल्या, ची ला हात लावायचा न्हाई.

म्हणजे अंतिम अधिकार माझ्याकडेच. संपादक येतात जातात, शेवटची नजर तपासणाऱ्याची असते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

वंदनाचा पहिला लेख तपासायला आला. पलीकडच्या खोलीतून, पण मेलवर. विषय 'धुक्यातली घंटा'. ची पुष्कळ. जिथल्या तिथं ठेवल्या.

भाषा सरळ आहे. एकही संस्कृत अवतरण नाही. चूक शोधली. सापडली नाही. दुसऱ्यांदा शोधली.

शेवटी नाव नुसतं 'वंदना, जाफराबाद' होतं. ते रीतसर केलं. 'सौ. वंदना, प्रसिद्ध वार्ताहर व संस्कृततज्ज्ञ बद्रीनाथ यांची पत्नी.' पाठवलं.

९ फेब्रुवारी, रविवार

पान आलं. वंदना माहेरी सांगायला फोनवर. प्रभावतीबाई पेढे घेऊन आल्या. एक मला पण दिला, वार्ताहर म्हणून.

लेखाखाली 'वंदना, जाफराबाद' एवढंच आहे. कोणाची, ते छापायचं राहून गेलं.

प्रेसची चूक म्हणून अक्षताला फोन केला. म्हणाली, प्रेसची न्हाई सर. ताईंनीच काढायला सांगितलं. त्या म्हणाल्या, माझ्या नावाला आधी कोणी लागत न्हाई.

पानाच्या अगदी तळाला, बारीक टायपात: 'मुद्रितशोधन: वंदनाताईंचे पती.'

वंदनाताईंचे. षष्ठी. निर्दोष आहे.