हाण, ओरबाड, पिरगाळ

बाबा, नवरदेव मांडवात शिरताना तुम्ही गिटारवर वाजवायचात ती धून मी कॉम्प्युटरवर लिहून काढली. तुमच्या नातीला हवी होती. ती गिटार शिकते, आणि आजोबा काय वाजवायचे म्हणून माझ्या मागे लागली होती. तुम्हाला सरगमसुद्धा लिहिता येत नव्हती, तेव्हा सगळं माझ्या डोक्यातूनच काढावं लागलं. यासाठी आता सॉफ्टवेअर मिळतं. सहा तारांच्या सहा रेघा, आणि रेघेवर आकडा, गिटारच्या दांड्यावरच्या कितव्या पडद्यावर, म्हणजे पट्टीवर, बोट ठेवायचं तो. इथवर सोपं आहे. पण बोट नुसतं ठेवून भागत नाही ना. बोटाच्या प्रत्येक करामतीला वेगळी खूण आहे, आणि खूण शोधायची तर तिचं नाव माहीत पाहिजे. मला माहीत आहेत ती तुम्ही ठेवलेली नावं.

वाजत्या तारेवर दुसरं बोट आपटायचं, ती हाण. बोट तारेला खरवडत उचलायचं, ती ओरबाड. दाबलेली तार तशीच वर ढकलून सूर चढवायचा, ती पिरगाळ. कारंजा गावच्या जिनिंग मिलमधून अंगावर कापसाचे पुंजके घेऊन यायचात, हातपाय न धुता गिटार माझ्या मांडीवर ठेवायचात आणि समोर बसायचात. "हाण. आता पिरगाळ. काहून रडून राह्यली? पिरगाळ म्हनलं न." बोटं सोलवटून निघायची. चुकलं की कानाखाली आवाज. आणि धून मेली इतकी गोड, की मार खाऊनही ती मला वाजवावीशी वाटायची, याचाच मला जास्त राग यायचा.

एकदा आई आत चुलीपाशी भाकरी थापत होती. तुम्ही मला म्हणालात, "हाण." आणि आईनं परातीतले दोन्ही हात उचलून डोकं झाकून घेतलं. आजही मला ती तशीच दिसते. मान खाली घालून बसली आहे, मार पडायची वाट बघते आहे, आणि तो पडत नाही. तुम्ही हसता. "अवं, तुले नाई म्हनलं. पोरीले म्हनलं." ती हात खाली घेते आणि पुढची भाकर थापायला लागते. तिच्या केसांना पीठ लागलेलं असतं. तिची तरी काय चूक? आपल्या घरात त्या शब्दामागून दुसरं काही येतच नसे.

मग शेलूबाजारच्या एका लग्नात वाजवायचं काम आलं. तुम्हाला मला तुमच्या ऑर्केस्ट्रात बसवायचं होतं. मी तेव्हा मॅट्रिकला. आई म्हणाली, "तिची परीक्षा हाये जी. तिले मांडवात नका नेऊ." एवढंच. तुम्ही तिच्या मागे गेलात, हात धरलात आणि पाठीवर पिरगाळलात. मला शिकवायचात तसाच, हळूहळू चढवत. तिच्या खांद्यात काहीतरी कडकन वाजलं. मी समोर बसलेली, गिटार मांडीवर. कमरेत वाकलेल्या आईनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हाण."

ओरडली नाही. शिकवणी घेताना म्हणतात तशी म्हणाली. मी गिटार दांड्याला दोन्ही हातांनी धरली आणि हाणली. खोकं तुमच्या कानावर फुटलं, तार तुटून गालात घुसली, सदरा लाल झाला. तुम्ही भिंतीशी बसलात तेव्हा मी उरलेल्या दांड्यानं आणखी एकदा हाणली. त्याची गरज नव्हती, पण हाणली. दवाखान्यात टाके घालताना तुम्ही सांगितलंत, जिनिंगमधल्या यंत्राचा पट्टा लागला. त्यानंतर मरेपर्यंत तुम्ही ना आईला हात लावलात, ना गिटारला. मला पस्तावा झाला नाही, बाबा. आजही नाही.

सॉफ्टवेअरमधली खुणांची यादी चाळली, तर ‘हाण’ला इंग्रजीतही हॅमर, म्हणजे हातोडीच म्हणतात. मला हसूच आलं. खूण मात्र सभ्य आहे, दोन आकड्यांवर एक कमान. पिरगाळला वर वळलेला बाण. लेकीसाठी मी नुसत्या खुणा लिहिल्या. तुमची नावं तिच्या कानावर जाऊ द्यायची नाहीत, हे मी पहिल्या ओळीलाच ठरवलं होतं.

पण कॉम्प्युटर लिहिलेलं वाजवूनही दाखवतो, हे माझ्या ध्यानातच नव्हतं. पहिल्यांदा धून वाजली तेव्हा आई आतल्या खोलीत होती. मी धावत जाऊन पाहिलं, तर म्हातारीचे दोन्ही हात डोक्यावर. तुम्हाला जाऊन जन्म लोटला, तरी. मी लगेच बंद केलं, तिच्याजवळ बसले, हात खाली घेतले. तेव्हापासून कानात इअरफोन घालून काम केलं. "काय करून राह्यली वं?" ती दारातून विचारते. मी म्हणते, "लाइटचं बिल भरून राह्यली."

धून कालच लेकीला पाठवली. काम संपलं. हे पत्र तर कुठं पाठवायचंच नाही. तरी आज सकाळपासून मी इअरफोन घालून बसले आहे, आणि तुमची ती पिरगाळ आली की पुन्हा मागे नेऊन ऐकते आहे. आत्ताच आई दारात येऊन गेली. "झालं का बिल भरून?"

"अजून नाई," मी म्हटलं.