उभ्यानं खायचं, बसून खायचं

चाचा,

आज दुपारी वाळूजच्या एका ऑफिसात मी ट्रे घेऊन गेले होते, आणि त्या ट्रेमध्ये मोठ्या नाण्याएवढी चोवीस धपाटी होती. हसू नका. तुम्ही जाऊन आता बरीच वर्षं झाली. सांगण्यासारखं पुष्कळ साचलं होतं, पण लिहायचा धीर होत नव्हता, कारण तुम्ही मला एकदा काहीतरी विचारलं होतं आणि मी मान खाली घालून उभी राहिले होते. त्याचं उत्तर आज दिल्यासारखं वाटतंय. बरोबर की चूक ते तुम्ही ठरवा.

तुमच्या किचनमध्ये मी आले ती कांदे सोलायला. आमच्या ह्यांची कंपनी बंद पडली होती, मुकुंदवाडीत एका खोलीत आम्ही राहत होतो, आणि लेणी बघायला येणाऱ्या परदेशी लोकांच्या त्या हॉटेलात बाई हवी होती ती फक्त भांड्यांना आणि कांद्यांना. पहिल्या दिवशी तुम्ही दिसलात ते कमरेला पांढरा नॅपकिन बांधलेले, दाढी मेंदीनं लाल, आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत देगीभोवती फिरणारे. तुमचे वडील निजामाच्या काळात, पोलीस ॲक्शनच्या आधी एका जहागीरदाराच्या बावर्चीखान्यात होते, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं, कारण तुम्ही ते सगळ्यांनाच सांगत असायचात. तुम्ही दारूला आयुष्यात हात लावला नव्हता. आमच्या गावात मी दारू पाहिली होती ती पिऊन पडलेल्या माणसाच्या रूपात, आणि असे आपण दोघं रोज संध्याकाळी कॉकटेलवाल्यांसाठी खायला बनवत होतो. ते ग्लासात काय पितात, गोड असतं की कडू, आपल्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. तुम्ही बारवाल्याला विचारून यायचात आणि मला सांगायचात, "आज लिंबाचं हाय म्हणं, आंबट कमी टाक."

माझी पहिली चूक आठवते का? तुम्ही मला बटाट्याचे छोटे वडे करायला सांगितले होते. मी केले चांगले मुठीएवढे. आमच्याकडे पाहुण्याला एवढुसा घास दिला तर घरी गेल्यावर तो आठ दिवस सांगत बसतो. मला वाटलं, साहेब लोक छोटे म्हणत असतील, पण वाढताना कंजूषपणा दिसायला नको. तुम्ही वडा बघितला. पाण्यानं भरलेला काचेचा ग्लास माझ्या डाव्या हातात दिलात, वडा उजव्या हातात दिलात, आणि म्हणालात, "खा. गिलास खाली ठिवायचा नाय. आन् खाता खाता माझ्यासंगं हसून बोल." मी खाल्ला. अर्धा वडा पदरावर पडला, बोटं तेलकट झाली, तोंड भरलेलं म्हणून बोलता येईना, आणि ग्लास सांभाळताना पाणी चपलेवर सांडलं. सगळं किचन बघत होतं. मला रडू यायच्या बेतात होतं. तेव्हा तुम्ही हळूच म्हणालात, "पाव्हण्याला हात किती? दोन. एकात गिलास. राह्यला किती? त्या एका हातासाठी आपण पकवतो, बेटा."

त्या दिवसापासून आपल्या किचनमधून कुठलाही पदार्थ ग्लास हातात धरून खाल्ल्याशिवाय बाहेर गेला नाही. एक हात, एक घास, कपड्यावर डाग नाही. पावाचे चौकोन तव्यावर कुरकुरीत करायचे, वरचं ओलं आत मुरू नये म्हणून आधी लोण्याचा पातळ हात फिरवायचा, आणि माणसं दारात आल्यावरच वरचं सगळं मांडायचं. काकडीचे जाड काप करून आतल्या बिया चमच्यानं कोरायच्या आणि त्यात पुदिना घातलेला चक्का भरायचा. खजुराची बी काढून तिथं भाजलेला बदाम ठेवायचा. सगळं सोपं, पण ट्रेमध्ये लावलं की दागिन्यासारखं दिसायचं. टोचायच्या काड्यांवर मात्र तुमचा फार राग. मी एकदा हौसेनं पनीरला काड्या लावल्या तर तुम्ही दख्खनीवर आलात, आणि दख्खनीवर आलात म्हणजे तुम्ही चिडलात हे एव्हाना मला कळत होतं. "खाली काडी लेके साहब किधर जाएगा? गमले में डालेगा, नै तो जेब में. मेहमान कू कचरा पकड़ाती क्या तू?" दुसऱ्या दिवशी मी बागेतल्या कुंड्या बघून आले. तुमचं बरोबर होतं.

रमजानात तुम्ही चाखत नव्हतात. जिभेवर ठेवून थुंकलं तरी चालतं असं लोक सांगायचे, पण तुम्हाला ते पटत नव्हतं. मग त्या महिन्यात मी तुमची जीभ व्हायचे. तुम्ही चमचा पुढे करायचात आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायचात. "मीठ?" मी म्हणायचे, एक चिमूट. तुम्ही डोळे झाकून चिमूट टाकायचात. कांदे सोलायला आलेल्या बाईवर एवढा भरवसा कुणी टाकत नाही, हे मला तेव्हा कळत होतं आणि त्याचा ताठा पण आला होता. मग एक दिवस माझी संकष्टी आणि तुमचा रोजा एकत्र आला. दोघंही कबाबांकडे नुसते बघत उभे. शेवटी वेटरला बोलावलं तर तो म्हणाला सगळंच लई भारी झालंय, आणि तुम्ही म्हणालात, याचा काही उपयोग नाही, हा उपाशी आहे. त्या दिवशी आपण नुसत्या वासावर साठ माणसांचा ट्रे लावला. एकही तुकडा परत आला नाही.

माझा डबा मी कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून खायचे. ज्वारीचं धपाटं, शेंगदाण्याची चटणी, कधी दही. तुम्ही विचारायचात, "काय आणलं?" मी म्हणायचे, काही नाही, भाकरी. तुमच्या घरचं मात्र तुम्ही मला मोकळ्या मनानं खाऊ घातलंत. ईदला घरी बोलावलंत, जमिनीवर दस्तरखान अंथरून सगळ्यांबरोबर बसवलंत, आणि नान खलिया वाढलात. मटणाचा तो पातळ, लालसर रस्सा, आणि तंदूरमधून काढलेला, हळद-गुळाचं पाणी फिरवलेला पिवळा नान. मी तीनदा मागून घेतला. नंतर किचनमध्ये कामं उरकल्यावर तुम्ही मला तो शिकवलात, मसाल्याची पुडीसुद्धा लपवली नाहीत. तुमच्या घरातल्यांशिवाय फक्त मला शिकवताय असं म्हणाला होतात.

आणि मग तुमच्या मुलीचं लग्न निघालं. तुम्ही चार दिवस सुट्टीवर गेलात आणि किचन माझ्याकडे देऊन गेलात. नेमकी त्यातच परदेशी पाहुण्यांची कॉकटेल पार्टी आली. मॅनेजर म्हणाले, काहीतरी इथलं पाहिजे, या गावाचं. मी क्षणभरसुद्धा विचार केला नाही. पेढ्याएवढे नान केले, खलिया घट्ट आटवला, हाडावरचं मांस सोडवून एकेक तुकडा नानावर बसवला आणि वर आल्याची एक बारीक सळी ठेवली. एक हात, एक घास, डाग नाही. लोक वाहवा करत होते, मॅनेजर किचनमध्ये येऊन हात मिळवून गेले. मला वाटलं, चाचा येतील आणि पाठ थोपटतील.

तुम्ही आलात, तुम्हाला कुणीतरी आधीच सांगितलं होतं. मी दख्खनीची वाट बघत उभी होते. तुम्ही मराठीत बोललात, अगदी सावकाश. "चांगलं केलं. लोक खूश झाले. पर साहेबानं इथलं काय तरी मागितलं, तं तुला माझ्याच घरचं सुचलं? आन् ते बी उभ्यानं खायाला? तुझ्या घरी काय शिजतच नाय का गं?" एवढं बोलून तुम्ही तांदूळ धुवायला वळलात. त्यानंतर आपण कामापुरतं बोलत राहिलो. रमजान आला तेव्हा चमचा तुम्ही वेटरपुढे धरलात. त्याच वर्षी गुडघ्यांनी दगा दिला म्हणून तुम्ही काम सोडलंत. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले होते. दाराबाहेर चपलांची गर्दी दिसली आणि मी तशीच मागे फिरले. या गोष्टीची मला अजून लाज वाटते, चाचा.

कितीतरी वर्षं मी स्वतःला समजावत होते की तुमचा राग दारूचा होता. मी पवित्र अन्न दारूसमोर नेलं, म्हणून तुम्ही दुखावलात. हे समजावणं सोयीचं होतं, कारण त्यात माझी चूक अडाणीपणाची ठरत होती. पण दारूचाच राग असता तर तुमच्या आईच्या पद्धतीचे शामी कबाब तुम्ही स्वतःच्या हातानं रोज त्या ट्रेमध्ये लावले नसते. घरच्यांसोबत बसून खायचं ते कुठलं आणि उभ्यानं खायचं ते कुठलं, हे तुमचं तुम्हाला पक्कं माहीत होतं. मी मात्र विचारलंही नाही. आणि विचारलं नाही, कारण माझ्या डब्याची मला लाज वाटत होती आणि तुमच्या ताटाची नव्हती.

आता माझं स्वतःचं काम आहे. बजाजनगरला घराच्या मागच्या खोलीत किचन केलंय, हाताखाली दोन बायका आहेत. आत्तापर्यंत आम्ही डबे आणि बारशाची जेवणं करत होतो. गेल्या आठवड्यात वाळूजच्या एका कंपनीतून एका मुलीचा फोन आला, तिथं ती कार्यक्रमांचं बघते. बाहेरदेशचे भागीदार येणार आहेत, संध्याकाळी ड्रिंक्स आहेत, मोठ्या हॉटेलचं नेहमीचं खाणं नको, काहीतरी आपल्या इथलं, पण नाजूक, आणि आधी चाखायला आणून दाखवा. पुन्हा तोच शब्द, इथलं. हे काम मिळालं तर नुसत्या डब्यांवर राहायची गरज नाही, शिवाय दोघींना वर्षभर काम देता येईल. काल मी मटण आणून ठेवलं होतं, चाचा. आज सकाळी नानाची कणीक भिजवायला परात काढली आणि हात पुढे जाईना.

ती परात धुवून मी तिच्यात ज्वारीचं पीठ घेतलं. थोडं बेसन, थोडी कणीक, लसूण, कोथिंबीर, तीळ, दही. थापून वाटीच्या काठानं गोल पाडले, तर कडा फुटायला लागल्या. मग दह्याचं पाणी थोडं वाढवलं आणि ओल्या फडक्यावर थापले. खमंग भाजले, लोण्याचा पातळ हात फिरवला, वर चक्का, त्यावर मिरचीच्या ठेच्याचा एक ठिपका आणि भाजलेल्या शेंगदाण्याची एक पाकळी. माझ्या दोघी मदतनीस बघत होत्या. एक म्हणाली, "मावशी, धपाटं कुणी सायबाला देतं व्हय?" मी तिच्या डाव्या हातात पाण्याचा ग्लास दिला आणि म्हटलं, खा, आणि माझ्याशी बोलत राहा. तिनं खाल्लं. पदर झटकून बघितला, तर काहीच पडलेलं नव्हतं.

ऑफिसातल्या त्या मुलीनं तीन खाल्ली. तिसरं खाताना म्हणाली, "माझी आजी असं मोठं करायची, पण मला कधी सुचलं नाही." काम मिळालं, चाचा. पुढच्या महिन्यात आहे. मी निघताना ती म्हणाली, "अजून एक. इथला नान खलिया फार प्रसिद्ध आहे ना, तोही असाच एका घासाचा करून द्याल का?" मी सांगितलं की तो बसून खायचा असतो, पाहुण्यांना खायचाच असेल तर शहरात घेऊन जा, जमिनीवर बसवा. ती म्हणाली, "पण तुम्हाला येतो ना?" मी म्हणाले, "नाही हो, मला नाही येत."

हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि असता तरी मी टाकलं नसतं. पीठ चाळायच्या चाळणीखाली ठेवून देईन. खोटं बोलले मी तिच्याशी. मला येतो. वर्षातून एकदा घरी करते, सगळ्यांना खाली बसवून वाढते. कुठं शिकलीस असं सगळे विचारतात, पण तुमचं नाव मी अजून एकदाही घेतलेलं नाही. ते घेतलं असतं तर पुढचंही, त्या ट्रेचं आणि तुमच्या गल्लीतून मागे फिरल्याचं, सांगावं लागलं असतं.