शर्वरीच्या ऑपरेशनची मॉक ड्रिल

२ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. घरात एक तरी डोकं शांत हवं, आणि ते माझं आहे.

शर्वरीच्या हार्टच्या ऑपरेशनची तारीख मिळाली. २४ फेब्रुवारी. पोरगी पाच वर्षांची. हृदयातल्या पडद्याला जन्मापासून छिद्र आहे. आपोआप बुजेल म्हणून वाट बघितली, बुजलं नाही. नोव्हेंबरची तारीख सर्दीमुळे पुढे ढकलावी लागली. सर्दी मला होती, पण इन्फेक्शन ते इन्फेक्शन. डिसेंबरमध्ये माझ्या चुलतभावाचं लग्न होतं. लग्न काय रोज होतं?

मिताली म्हणते, आता तरी नक्की ना? मी म्हटलं, शंभर टक्के. बायका उगाच टेन्शन घेतात.

५ फेब्रुवारी, गुरुवार
पलासियाला डॉक्टरांकडे. इको झाली. शर्वरीने स्वतःच फ्रॉक वर केला आणि जेल थंड आहे म्हणून हसली. माझ्यावर गेली आहे.

डॉक्टर समोर बसवून म्हणाले, आता काय काय होऊ शकतं ते सांगतो. तेवढ्यात मला गाडी नो-पार्किंगमध्ये असल्याचं आठवलं. पलासियात क्रेन कधी येईल नेम नाही. खाली गेलो. गाडी नीट पार्किंगमध्येच होती. तरी थोडा वेळ तिच्यापाशी थांबलो. कोणी घासून गेलं तर?

वर आलो तर मिताली फाइल छातीशी धरून लिफ्टपाशी उभी. म्हणाली, फुप्फुसांवरचं प्रेशर वाढलंय, आता एक महिनासुद्धा वाया घालवायचा नाही म्हणाले. मी म्हटलं, प्रेशर आजकाल कोणाला नाही? घरी येईपर्यंत ती एक अक्षर बोलली नाही. म्हणजे पटलं असावं.

७ फेब्रुवारी, शनिवार
आयडिया! इतकी सोपी गोष्ट आधी कशी सुचली नाही?

मी पीथमपूरच्या प्लांटमध्ये सेफ्टी ऑफिसर आहे. माझं कामच हे. आग लागायच्या आधी आगीची प्रॅक्टिस करायची, म्हणजे खरी आग लागली तर माणूस घाबरत नाही. मॉक ड्रिल. मग ऑपरेशनची का नको? घरी रोज ड्रिल घ्यायची. त्या दिवशी शर्वरी उड्या मारत आत जाईल.

मितालीचा प्लॅन ऐका. म्हणे तिला सरळ सांगू या: छातीवर कापतील, नंतर दुखेल, आत आई-बाबा नसतील, पण तू उठशील तेव्हा समोर असू. पाच वर्षांच्या मुलीला! मी हा निगेटिव्ह अप्रोच जागच्या जागी रद्द केला.

प्लांटमध्ये गजाननला सांगितलं. तो माझा असिस्टंट. म्हणाला, सर, लहान पोर आहे ती, प्लांट थोडीच आहे? याच्यासाठीच तो अजून असिस्टंट आहे.

८ फेब्रुवारी, रविवार
सियागंजच्या बाजारात जाऊन हिरव्या डिस्पोजेबल टोप्या आणि मास्क आणले. एकच टोपी हवी होती. दुकानदार म्हणाला, भिया, खुल्ला नी मिलेगा, पूरा पैकेट ले जाओ. घेतलं. आता पुढच्या सात पिढ्या ऑपरेशन करू शकतील.

संध्याकाळी पहिली ड्रिल. दिवाण म्हणजे टेबल. मितालीला नर्सचा रोल दिला, तिने घेतला नाही. मग वॉर्डबॉय मी, नर्स मी, सर्जन मी. शर्वरी पेशंट. नाकावर चहाची गाळणी धरली, तिने डोळे मिटले. छातीवर बँड-एड लावली. मग मी तोंडाने ऑल क्लिअरचा, म्हणजे धोका टळल्याचा, सायरन वाजवला, ती टुणकन उठली. प्लांटमध्ये ड्रिलनंतर पोहे असतात, घरी जिलबी ठेवली.

म्हणाली, बाबा, दुखलंच नाही! मी म्हटलं, बघ! मग नाचत गॅलरीकडे निघाली आणि मध्येच खाली बसली, दम घ्यायला. उत्साह जास्त झाला की असं होतं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
प्लांटमध्ये खरा अलार्म वाजला. पॅकिंगमध्ये वायर जळली, किरकोळ. सगळे लोक गप्पा मारत, हसत सरळ कँटीनबाहेर पोह्यांच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले. पोहे नव्हते म्हणून नाराज झाले. गजानन म्हणाला, सर, ह्यांना खरं काय ते समजलंच नाही. मी रिपोर्टमध्ये लिहिलं: कोणीही घाबरलं नाही. ड्रिलचं यश.

१५ फेब्रुवारी, रविवार
शर्वरी आता एक्स्पर्ट. स्वतःच दिवाणावर आडवी होते, स्वतःच गाळणी घेऊन येते. चहा गाळायला मितालीला रोज शोधावी लागते.

आज बँड-एड लावताना तिने विचारलं, बाबा, खऱ्या दिवशी पण तूच डॉक्टर ना? मी म्हटलं, आपली टीम तीच. हे खोटं नाही. टीममध्ये मी आहेच.

मिताली पोळ्या करत होती. लाटणं ठेवलं. बाहेर येऊन हळूच म्हणाली, अश्विन, तिला खरं सांग. मी म्हटलं, योग्य वेळी सांगणार आहे. निश्चय: येत्या रविवारी सांगणे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
शर्वरी काल रात्री खोकली. एकदाच, पण मी ऐकलं. हॉस्पिटलला फोन करून कळवलं. ते म्हणाले, खोकला असेल तर नंतर घेऊ. शिवाय पुढे होळी, मग रंगपंचमी. रंगपंचमीच्या तोंडावर इंदुरात कोणी ऑपरेशन करतं का? अर्धं गाव गेरच्या मिरवणुकीत असतं.

मितालीला हॉस्पिटलमधूनच कळलं. भांडेल असं वाटलं होतं. भांडली नाही. ऑफिसमधून आली होती, पर्स खांद्यावर तशीच, म्हणाली, तू तिला नाही वाचवत आहेस, तू स्वतःला वाचवतो आहेस. मग तिने स्वतः डॉक्टरांना फोन केला, खोकला वगैरे काही नाही म्हणाली, आणि १२ मार्च घेतली. म्हणाली, ही तारीख हलली तर मी आणि शर्वरी एकट्या जाऊ.

तिच्यावर फार ताण आहे. मी मनावर घेतलं नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार
आज सांगणार होतो. शर्वरीचा मूड फार चांगला होता. चांगला मूड कशाला बिघडवायचा?

१ मार्च, रविवार
आज सांगणार होतो. शर्वरीचा मूड ठीक नव्हता. अशा मूडमध्ये कसं सांगायचं?

२ मार्च, सोमवार
शाळेतून आणलं. लिफ्ट बंद. दुसऱ्या मजल्याच्या आधीच ती जिन्यात बसली. ओठ जांभळट. मी म्हटलं, काय गं, जांभळं खाल्लीस की काय? ती म्हणाली, बाबा, आत्ता कुठे मिळतात जांभळं?

उचलून घेतलं. तिचं वजनच नाही. छाती माझ्या खांद्याला टेकलेली, धडधड थेट मला लागत होती, धावत असल्यासारखी. ती तर नुसती कडेवर होती. कुलूप उघडेपर्यंत मी मनातल्या मनात म्हणत होतो, थांबू नको, थांबू नको.

मला भीती वाटते. इतकी भीती वाटते की डॉक्टरांच्या समोरच्या खुर्चीत मला बसवत नाही.

वरचं वाक्य उद्या खोडणे.

८ मार्च, रविवार
रंगपंचमी. गर्दीत न्यायचं नाही म्हणून गेर मोबाइलवर दाखवली. तिने बाहुल्यांना गुलाल लावला आणि सगळ्यांना ओळीने बसवून भाषण दिलं. मी दाराआडून ऐकलं. म्हणत होती, घाबरायचं नाही, हॉस्पिटलमध्ये माझे बाबाच डॉक्टर आहेत, ते मला कधीच दुखवत नाहीत.

आत जाऊन सांगायची हीच वेळ होती. मी आत गेलोही. माझ्याही गालाला गुलाल लागला.

आज मितालीने तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, शरू, तिथे दुसरे डॉक्टर असतील बरं का. शर्वरी हसली. म्हणाली, आई, तू ड्रिलला नसतेस ना, तुला माहीत नाही. मिताली माझ्याकडे बघत राहिली. मी पाणी प्यायला उठलो.

११ मार्च, बुधवार
ॲडमिट. खोली चांगली. ब्लड झालं, रडली नाही. सिस्टरने विचारलं, इतनी बहादुर कैसे? शर्वरी म्हणाली, प्रॅक्टिस की है. मला अभिमान वाटला. मिताली खिडकीकडे तोंड करून उभी होती.

डॉक्टर राउंडला आले, पुन्हा समजावायला लागले. या वेळी मी खोलीतच होतो. मोबाइलचा चार्जर शोधत होतो.

आता सांगून उपयोग नाही, रात्रभर झोपणार नाही. उद्या सकाळी, दाराशी, थोडक्यात आणि स्पष्ट. ऐनवेळचं ब्रीफिंग सर्वात लक्षात राहतं.

१२ मार्च, गुरुवार. गाडीत बसून
लिहितो आहे कारण दुसरं काही करता येत नाही.

शर्वरी खरंच उड्या मारत निघाली. स्ट्रेचर नको म्हणाली, चालत जाते म्हणाली. उपाशी होती, तरी कुरकुर नाही. ऑल क्लिअरनंतर जिलबी मिळेल म्हणून तिने स्वतःच वॉर्डबॉयला सांगितलं. ओटीच्या दाराशी आल्यावर उशीच्या अभ्र्यात लपवून आणलेली हिरवी टोपी गाऊनमधून काढून माझ्या हातात दिली. बाबा, विसरला होतास.

मी घातली.

सिस्टर म्हणाली, फादर बस यहीं तक. शर्वरीने तिला समजावलं, अगदी प्रेमाने, अरे आंटी, यही तो डॉक्टर हैं. सिस्टरने माझ्याकडे बघितलं. मितालीने बघितलं. शर्वरीने माझं बोट धरलं होतं आणि आत ओढत होती.

हीच ती वेळ होती. थोडक्यात आणि स्पष्ट. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, गाडी नो-पार्किंगमध्ये आहे, आलोच.

तिने बोट सोडलं. म्हणाली, लवकर ये, मी डोळे नाही मिटत तोपर्यंत.

लिफ्टची वाट न बघता जिन्याने उतरलो. वरून तिचा आवाज येत होता. आधी मला हाक मारत होती, मग रडत होती. मग मितालीचा आवाज, अजिबात न कापणारा: बाबा आत येणार नाहीत, मीही येणार नाही, दुखेल, पण तू उठशील तेव्हा मी तिथे असेन. हे मी खाली उतरताना ऐकलं. पुढचं ऐकू आलं नाही. मग दार बंद झालं.

पार्किंगवाल्याने विचारलं, भिया, आप डॉक्टर हो क्या? टोपी डोक्यावरच होती. मी म्हटलं, नाही. आज पहिल्यांदा कोणाला तरी खरं सांगितलं.

ती डोळे मिटत नव्हती का शेवटपर्यंत? हे कोणाला विचारायचं? देवा, तिला काही होऊ देऊ नकोस. मला काय करायचं ते कर.

१२ मार्च, दुपारी
छिद्र बंद केलं. झालं. डॉक्टर बाहेर येऊन सांगून गेले, या वेळी मी समोर उभा होतो. पुढचे दोन दिवस महत्त्वाचे, पण प्रेशर उतरायला हवं म्हणाले. आधी केलं असतं तर सोपं गेलं असतं, असंही म्हणाले. रागाने नाही, सहज.

मितालीच्या शेजारी बसलो. तिने सरकून जागा दिली. बोलली नाही. हे पटल्यामुळे नाही, इतकं मला कळतं.

१४ मार्च, शनिवार
श्वासाची नळी काढली. आयसीयूत एका वेळी एकालाच सोडतात. ती उठली तेव्हा मिताली समोर होती, सांगितलं होतं तशी. आज सिस्टर म्हणाली, फादरला पाठवा थोडा वेळ.

रस्त्यात सगळं ठरवलं होतं. आधी माफी मागायची. मग म्हणायचं, तू खूप शूर आहेस. मग जिलबीचं.

केवढीशी दिसत होती त्या कॉटवर. छातीवर लांब पट्टी. हाताला सुया. माझ्याकडे बघितलं, ओळखीचं बघितलं, पण हसली नाही. मी नुसता तिचा पाय धरून उभा राहिलो. थंड होता.

घोगऱ्या आवाजात म्हणाली, बाबा, संपलं का सगळं?

मी म्हटलं, हो राजा, संपलं. आणि हे खरं होतं. डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं, मी स्वतः ऐकलं होतं, पूर्ण ऐकलं होतं.

तिने छताकडे बघितलं. मग म्हणाली, आईला बोलाव. मला तिला विचारायचंय.

मी मितालीला बोलवायला बाहेर आलो.