जुनी डिस्क, नवा कॉम्प्युटर आणि उमरेडकरांचा कुलवृत्तांत

१२ फेब्रुवारी १९८९, रविवार. सकाळी ११.
नवा कॉम्प्युटर आला! आमच्या उमरेडकर कुळातले सर्वांत पैसेवाले मधुकरराव, मुंबई, यांच्याकडून कुलवृत्तांतासाठी भेट. सोबत पत्र. हार्ड डिस्क तुमच्या जुन्या मशीनमध्ये आहेच, म्हणून यात घातलेली नाही, ती काढून यात बसवून घ्यावी. बसवून घ्यावी! म्हणजे माणसाला माझी पारख आहे.

त्या डिस्कमध्ये काय आहे हे नागपुरात फक्त मला माहीत. चारशे बारा कुटुंबं, नऊ पिढ्या. तार ऑफिसातून रिटायर झाल्यापासून तीन वर्षं, दोन बोटांनी, एकट्याने टाइप केलेली. ९ एप्रिलला रामटेकला संमेलन. तिथे ग्रंथाचं प्रकाशन. संपादक : मार्तंड दामोदर उमरेडकर.

संकल्प : आठ दिवसांत डिस्क बसवणे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मजकूर छापखान्यात.

१४ फेब्रुवारी.
चुलतभाऊ मनोहरराव येऊन गेला. काहून गा मार्तंडा, म्हणे, छापखान्यात कधी देऊन राहिला? याला सगळं टाइपरायटरवर करायचं होतं. मी म्हटलं, तुझ्या टाइपरायटरचा जमाना संपला. तो चहा न घेता गेला. मत्सर.

१६ फेब्रुवारी.
कुटुंबांनी भरून पाठवलेले फॉर्म अजून पोत्यात पडून आहेत. सगळं डिस्कमध्ये आल्यावर कागद कशाला? पण रद्दीत घालवत नाही. उद्या कोणी आमच्या पणजोबांच्या पुडीत शेंगदाणे बांधून देईल. पूर्वजांची नावं आहेत, तेव्हा नदीत विसर्जन हेच योग्य. नीला म्हणाली, अहो, इतकी घाई काहून करून राहिले, मशीन तर चालू होऊ द्या. तीस वर्षं संसार करूनही बायकोचा विश्वास नाही. पोतं मात्र तिने बांधून दिलं.

१९ फेब्रुवारी, रविवार.
बसने खाप्याला गेलो. कन्हानच्या पात्रात पोतं सोडलं. हळदकुंकू, फुलं, नारळ. पोतं सुरुवातीला बुडेना, काठीने ढोसावं लागलं. घाटावर कपडे धुणाऱ्या एका बाईने विचारलं, कोण गेलं? म्हटलं, नऊ पिढ्या. ती पाठ फिरवून कपडे आपटू लागली.

मन हलकं झालं. आता सगळं घराणं विजेवर.

२२ फेब्रुवारी.
पुण्याहून जावई कृष्णकांतचा ट्रंककॉल. जुनं मशीन त्यानेच त्याच्या कंपनीतून आणून दिलेलं, त्यामुळे आवाजात मालकी. डिस्क काढण्याआधी सगळं फ्लॉपीवर उतरवून घ्या, म्हणाला, दोन फ्लॉप्यांत मावेल. माझी तीन वर्षं दोन फ्लॉप्यांत! आणि फ्लॉपी म्हणजे काय, तर कागदासारखी वाकणारी चीज. तिच्यावर उमरेडकरांची पुढची पिढी सोपवायची? हो हो म्हटलं. तीन मिनिटं संपली म्हणून बरं झालं.

२६ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.१०, पंचांग बघून.
ऑपरेशन सुरू. मदतीला महाल भागातला रेडिओ मेकॅनिक चंद्रभान. त्याचं म्हणणं, भाऊ, मले रेडिओ समजते, याले हात लावाले भेव लागते. मी म्हटलं, तू फक्त स्क्रू धर.

डिस्क निघाली. विटेएवढी जड. घराण्याचं वजन.

१०.४०
बसली. एक स्क्रू उरला. चंद्रभान म्हणतो, भाऊ, वायर उलटी लावून राहिले तुमी. मी त्याला सांगितलं की तारेतलं मला शिकवू नकोस, तीस वर्षं तारेतच गेली.

१२.१५
वायर उलटीच होती. कंपनीने दोन्ही बाजू सारख्या दिसतील अशा केल्यावर ग्राहकाने काय करावं? फिरवून लावली. डिस्क फिरल्याचा आवाज येतो. पडद्यावर मात्र डिस्क सापडत नाही असं लिहून येतं. समोर बसली आहे आणि सापडत नाही!

२७ फेब्रुवारी.
सीताबर्डीवर कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या मास्तरांना गाठलं. वय पंचवीस. ते म्हणाले, नव्या मशीनचं कार्ड वेगळं, जुन्या कार्डाने लिहिलेलं त्याला वाचता येत नाही. डिस्क परत जुन्या मशीनमध्ये लावा, फ्लॉपीवर उतरवा, मग नव्यात घालून फॉरमॅट करा.

परत जुन्यात लावा! म्हणजे चंद्रभानसमोर पुन्हा सगळं उलटं करा आणि कृष्णकांतला पत्र लिहा की तुमचं बरोबर होतं. मागे जाणं माझ्या स्वभावात नाही. मास्तरांच्या तीन पायऱ्यांतली खरी पायरी तिसरीच आहे.

२८ फेब्रुवारी. दुपारी ३.
फॉरमॅट सुरू केलं. पडद्यावर ताकीद आली : या डिस्कवरची सर्व माहिती नष्ट होईल, पुढे जायचं का? अशा ताकिदी मी तीस वर्षं वाचल्या आहेत. प्रत्येक सर्क्युलरच्या तळाशी असायचं, हयगय झाल्यास कडक कारवाई. कारवाई एकदाही झाली नाही. लिहिण्याची पद्धत असते. वाय, म्हणजे येस, दाबलं.

५.२०
यश! नव्या कॉम्प्युटरने डिस्क ओळखली! नीलाला हाक मारून दाखवलं. तिने विचारलं, यात आपले लोक कुठं आहेत? म्हटलं, आत. यादी मागितली तर मशीन म्हणतं, फाइल नाही. नवीन जागा आहे, थोडं बिचकत असेल.

५ मार्च.
अजून फाइल नाही. रोज सकाळी आंघोळ करून बघतो. छापखान्याचा माणूस आला होता. शेवटचा हात फिरवतो आहे, असं सांगितलं. खोटं नव्हे. हात फिरवतोच आहे.

१२ मार्च, रविवार.
मास्तर घरी आले. पंधरा मिनिटं बघितलं, चष्मा काढला. म्हणाले, काका, गेलं सगळं.

काय गेलं, विचारलं. म्हणाले, सगळं.

जेवलो नाही. मला फसवलं आहे. मधुकररावांनी डिस्क घातली नाही, कृष्णकांतने फोनवर पुरेसा जोर दिला नाही, चंद्रभान घाबरट, मास्तरांनी महत्त्वाचं आधी सांगायच्या ऐवजी क्रमाने सांगितलं. आणि ती डिस्क. तीन वर्षं तिच्या मशीनवर धूळ बसू दिली नाही, ते स्वतःच्या धोतराने पुसलं, आणि तिने एका बटणावर मला ओळख दाखवली नाही. फॉर्म कन्हानच्या तळाला. दुपारभर पंख्याकडे बघत पडलो. रडलो, हेही लिहून ठेवतो, इथे कोण वाचणार आहे.

१५ मार्च.
नवा प्लॅन. सगळं स्मरणातून लिहायचं. माझी स्मरणशक्ती ऑफिसात प्रसिद्ध होती. रोज पन्नास कुटुंबं, नऊ दिवसांत खलास.

१७ मार्च.
अकरा कुटुंबं झाली. त्यातली तीन नीलाच्या माहेरची निघाली.

२६ मार्च, रविवार.
मनोहररावाकडे कबुली द्यायला गेलो. वाक्य पाठ केलं होतं, तांत्रिक अडचणीमुळे. दारातच थबकलो. टेबलावर फॉर्म. माझे फॉर्म! माझ्या लाल पेन्सिलीच्या खुणा त्यांवर. शेजारी टाइपरायटर, आणि तीनशेच्या वर पानं टाइप होऊन छापखान्यात गेलीसुद्धा, असं कळलं.

मनोहरराव म्हणाला, वहिनीनं आणून दिले गा, तू खाप्याला जायच्या आदल्या दिवशी. बसून घे, घाम पुसून घे.

घरी आलो. मग मी नदीत काय सोडलं, विचारलं. नीला म्हणाली, तुमची ऑफिसची सर्क्युलरं, माळ्यावरची. तीस वर्षांची सर्क्युलरं! नारळ वाहून! घराणं वाचलं म्हणून मी आनंद करावा अशी तिची अपेक्षा दिसली. माझ्याच घरात माझ्या पाठीमागे कट, आणि वर पोह्यांवर लिंबू पिळून देते.

संकल्प : दोघांशीही अबोला.

२८ मार्च.
मनोहररावाने नीलाच्या हाती एक कोरा फॉर्म पाठवला. तुझाच फॉर्म गठ्ठ्यात नाही, शुक्रवारपर्यंत भरून दे, असा निरोप. कसा असेल? स्वतःची माहिती मी थेट कॉम्प्युटरवर टाइप केली होती. चौदा पानं. तार ऑफिसातल्या कामगिरीचं स्वतंत्र प्रकरण. ते आता यांच्या एका कागदात कोंबू? आधी दोघांनी माफी मागावी. फॉर्म उशीखाली ठेवला.

३१ मार्च, शुक्रवार.
माफी मागायला कोणी आलं नाही. नीलाने दोनदा विचारलं, भरता का? मी पेपर वाचत होतो. संपादकाशिवाय ग्रंथ निघत नसतो. झक मारत येतील.

९ एप्रिल, रविवार. रामटेक.
आठशे माणसं. ग्रंथ सुरेख निघाला, हे मान्य करतो. संपादक : मनोहरराव. मधुकररावांनी मला गर्दीतून शोधून विचारलं, कॉम्प्युटर कसा चाललाय? म्हटलं, उत्तम. एकदम स्वच्छ.

कोपऱ्यात जाऊन आमचं पान काढलं.

मार्तंड दामोदर : माहिती उपलब्ध नाही.

त्याच्याखाली सात ओळी : पत्नी सौ. नीला, माहेर अमरावती, बी. ए. या वृत्तांताची सर्व मूळ कागदपत्रे यांनीच जपली, उमरेडकर कुलमंडळ त्यांचे ऋणी आहे. व्यासपीठावर तिला साडी-चोळी दिली. टाळ्या बराच वेळ वाजल्या. मीही वाजवल्या, शेजारचे बघत होते.

पंगतीत भंडाऱ्याकडचे कोणी म्हातारे गृहस्थ शेजारी बसले. मांडीवर ग्रंथ. म्हणाले, आज प्रत्येकाले पानावरून ओळखून राहिलो भाऊ, तुमी कोणत्या पानावरचे? मी चौदा पानांबद्दल सांगणार होतो. वरण आलं.

मग त्यांच्या ग्रंथातलं ते पान काढून दिलं, नीलाच्या सात ओळींवर बोट ठेवलं आणि सांगितलं, यांचा नवरा.