उजवं फूल

सोलापूर, मंगळवार

प्रिय सिद्धू,

पत्र बघून घाबरू नकोस, इकडे सगळे बरे आहेत. अप्पांचा गुडघा तसाच, आणि नको म्हटलं तरी जिना चढणंही तसंच. पत्र अशासाठी की फोनवर मला हे जमत नाही. मी बोलायला लागले की तू म्हणतेस, जाऊ दे की अव्वा. आणि मी लगेच जाऊ देते. असं करत वर्ष घालवलं मी.

कडक भाकरीचं काम जोरात आहे. थापायला तीन बायका आहेत, पण भाकरी नीट वाळली की नाही हे नुसती वाजवून सांगणारी तू पुण्यात बसलीस, त्या बिस्किटाच्या कंपनीत डब्यांवर तारखा बघत. परवा त्यांतली केराबाई म्हणाली, सिद्धू असती तर हा घाणा दुकानातून परत आला नसता. मी तिच्यावर उगाचच खेकसले. चूक तिची नव्हतीच.

बारावी झाल्यावर तू अमेरिकेतल्या त्या कॉलेजचं काढलंस तो दिवस मला सारखा आठवतो. भाकरी महिनाभर का टिकते ते मला शिकायचंय, म्हणाली होतीस. अन्नशास्त्र. दोन वर्षं त्या लहान कॉलेजात काढायची, पदवी घ्यायची, आणि मार्क चांगले असले की मोठ्या विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला जायचं. तू वहीत चौकोन काढून अप्पांना समजावलंस, शेजारच्या मल्लेशदादानं फॉर्म भरायला मदत केली. मला सगळं कळलं होतं गं. तरी मी न कळल्याचं सोंग केलं. नणंदबाई म्हणाल्या, दोनच वर्षांची? म्हणजे अर्धीच डिग्री की! त्यावर मी सगळ्यांत मोठ्यानं हसले. तुझा चेहरा उतरलेला मी बघितला होता.

प्रवेश मिळाल्याचं कळलं तेव्हा तूच डगमगलीस. एकटीनं एवढ्या लांब कसं राहायचं, म्हणालीस. मग माझ्या माहेरच्या मल्लिकार्जुनाला कौल लावायचं ठरलं. तुझी कॉम्प्युटर क्लासची परीक्षा होती म्हणून मी एकटीच एसटीनं गेले. देव हो म्हणाला तर जाईन, नाही म्हणाला तर पुन्हा विषय काढणार नाही, असं तू म्हणाली होतीस, आणि शब्दाला तू किती पक्की ते मला माहीत होतं. संध्याकाळी परत आले आणि चपला काढता काढता सांगितलं, डावं पडलं, देव नाही म्हणाला. तू पाणी आणून दिलंस मला.

सिद्धू, डावं पडलं नव्हतं. देवळातले पुजारी प्रभुलिंग स्वामी, त्यांनी पिंडीला दोन्ही बाजूंनी ओली फुलं लावली, मी डोळे मिटून तुझं नाव घेतलं आणि डोळे उघडायच्या आत उजवं फूल खाली आलं होतं. स्वामींनी घंटा वाजवली, पेढा दिला. तो पेढा मी स्टँडवरच खाऊन टाकला, घरी आणला असता तर तू विचारलं असतंस. अमेरिकेची मला भीती नव्हती. लोक काय म्हणतील, तेही तोंडदेखलं होतं. मला तू जवळ हवी होतीस, बस्स. त्यासाठी आई असून मी तुझ्याशी देवाच्या नावानं खोटं बोलले. मग तू पुण्याला निघून गेलीस, म्हणजे माझ्या हातीही काही लागलं नाही. अप्पांनाही हे माहीत नाही. आज सांगणार आहे.

आता हे का लिहितेय ते सांगते. गेल्या रविवारी तू फोनवर म्हणालीस, होटगीच्या मंजुनाथचं स्थळ आलंय तर त्याचाही कौल घे, देव सांगेल तसं करू. किती सहज म्हणालीस! काल मी गेले. स्वामींनी ओळखलं. फुलं भिजवता भिजवता विचारलं, पोरगी तिकडं अमेरिकेत बरी हाय न्हवं? देवानं उजवं दिलं होतं की. मी मान खाली घातली. होटगी इथून अगदी जवळ, मुलगा रेल्वेत, मला तर हेच हवं. समजा डावं पडलं असतं, तर मी तुला काय सांगितलं असतं, याची माझी मलाच खात्री वाटेना. कौल न लावताच उठले. मंजुनाथच्या घरी कळवलंय की मुलीला विचारल्याशिवाय काही ठरणार नाही. काल देवळातूनच मल्लेशला फोन केला होता. तो म्हणाला, कॉलेजनं तुझी जागा जानेवारीपर्यंत ठेवलीय, पण या महिन्याच्या तीस तारखेच्या आत तुझं उत्तर पाहिजे. त्यानं तुला सांगितलं तर तू म्हणे त्याला गप्प केलंस, देवाचा शब्द मोडायचा नाही म्हणून. अगं, तो देवाचा नव्हता, माझा होता. मोड तो. आणि इथून पुढं माझ्याकरवी देवाला काही विचारू नकोस. जायचं का, लग्न करायचं का, तुझं तू ठरव. माझ्यावर चिडशील, बोलणं टाकशील, ते मला कबूल आहे. फक्त आधी कॉलेजला उत्तर पाठव, मग चीड.

तुझीच,
अव्वा