डाव्या तळहातावरची सुपारी

अव्वा,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आज मी एका आठ वर्षांच्या पोरीवर जळते आहे हे सांगायला तुझ्या या लेकीला तुझ्याशिवाय कुणी नाही. पोर म्हणजे माझीच नात. शाळेत एका जागी बसत नाही, सांगितलेलं अर्धंच ऐकते, डबा रोज कुठंतरी विसरून येते. सून तिला डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली, सोबत मीही गेले. बाई म्हणाल्या, याला एडीएचडी म्हणतात, हा हट्ट नाही की वांडपणा नाही, हिला रागावू नका. मग हातात एक मऊ रबरी चेंडू दिला आणि अभ्यास करताना खुशाल दाबत राहा म्हणाल्या. पोर खुदकन हसली आणि माझ्या पोटात दुखलं. घरात आणखी कुणी असं होतं का, असंही बाईंनी विचारलं. मी नाही म्हणाले.

शुक्रवार पेठेतलं आपलं स्वयंपाकघर आठवतं? दुष्काळानंतरचं वर्ष, आमची लिंगदीक्षा जवळ आलेली. पुढे गळ्यातलं इष्टलिंग रोज डाव्या तळहातावर घेऊन पूजेला बसायचं, त्याची सवय व्हावी म्हणून तू रोज सकाळी अक्काला नि मला मांडी घालून बसवायचीस आणि तळहातावर सुपारी ठेवायचीस. अक्का बसते ती बसतेच. माझी सुपारी घरंगळत चुलीपर्यंत जाते. "अंगात वारं शिरलंय का गं तुज्या? अक्काकडं बघ की जरा," तू म्हणतेस, आणि कडक भाकरी नि शेंगाचटणी आधी अक्काच्या ताटात पडते. मला तिचा इतका हेवा वाटायचा की मी तिच्या कोपराला हळूच धक्का द्यायचे.

दीक्षेच्या दिवशी समोर स्वामी, घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि माझा हात हलायला लागला. तू सरकून जवळ आलीस आणि पदराआडून माझ्या हाताखाली तुझा हात धरलास. "हलू दे. मी हाय की," एवढंच पुटपुटलीस. म्हणजे तुला कळलं होतं, अव्वा. मग ते पदराआडच का राहिलं? दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वांडच होते. नातीला भर दवाखान्यात, सगळ्यांसमोर हात मिळाला, तेच मला सहन होत नाही.

हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून सांगते. तिचा चेंडू परवापासून सापडत नाही. घरभर शोधाशोध झाली, मीही कपाटाखाली वाकून पाहिलं, आणि शेवटी तिला दुसरा आणून दिला. पहिला आत्ता, हे लिहिताना, माझ्या डाव्या मुठीत आहे.